पाळकसाहेबांचं पिच

क्रिकेटमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. पायचीत म्हणजे नक्की काय, हे मला तीन माणसांनी तीन वेगवेगळ्या वेळी वाट्या-चमचे मांडून समजावलंय आणि तिन्ही वेळा मी "अच्छा, असं होय" म्हणून त्या वाट्या घासायला टाकल्या आहेत. तरीसुद्धा नव्वदच्या दशकातले पाच हिवाळे मी कोपरखैरण्यातल्या एका टीमची स्कोअरर होते. लग्नकार्याला सगळे जमले की भाचेमंडळी मला हे पुन्हा पुन्हा सांगायला लावतात, कारण त्यांचा विश्वास बसत नाही. माझाही बसत नाही.

त्याचं झालं असं, की मी तेव्हा तुर्भ्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनियर लोकांनी पेन्सिलीने मारलेल्या रेघांवर दिवसभर शाईच्या रेघा ओढायच्या. त्यामुळे माझं अक्षर छापल्यासारखं येई. आमचे हे टीमचे कॅप्टन होते, कारण टीममधली एकुलती एक बरी बॅट ह्यांची होती. ह्यांनी एकदा माझी वाण्याची यादी पाहिली आणि म्हणाले, स्कोअरिंग म्हणजे तरी काय, नुसती टिंबं काढायची असतात. मी विचार केला, रविवारी घरी थांबले तर सासूबाईंच्या देखरेखीखाली वाटण वाटायचं, मैदानावर गेले तर खुर्चीत बसून टिंबं काढायची. मी टिंबं निवडली. आणि म्हणून पाळकसाहेब मला इतक्या जवळून पाहायला मिळाले.

पाळकसाहेब आमच्या टीमचे ऑफस्पिनर. पेशाने ख्रिस्ती धर्मोपदेशक, जुन्या अँग्लिकन वळणाचे, मूळचे नगरकडचे. वय पंचावन्नच्या आगेमागे. अंगाने काटकुळे, कान मात्र दोन माणसांना पुरतील एवढे. सुरुवातीला आम्ही त्यांना फादर म्हणायचो. त्यांनी शांतपणे सांगितलं, की फादर कॅथलिकांचे, त्यांना संसार नसतो. मला दोन मुली आहेत, त्या सोडून इतरांनी मला फादर म्हणायचं काही कारण नाही. मग त्यांच्या मंडळीतले, म्हणजे उपासनेला जमणारे, लोक म्हणायचे तसं आम्हीही पाळकसाहेब म्हणू लागलो.

रविवारी सकाळी त्यांची उपासना असे आणि ती आटोपली की आमची मॅच. ते स्कूटरवरून थेट मैदानावर यायचे. अंगात पायघोळ पांढरा झगा, डोक्यावर हेल्मेट. झगा काढून बाभळीला अडकवला की आत पांढरी पँट आणि कॅनव्हासचे बूट तयार. म्हणजे माणूस पहाटेपासूनच पॅव्हेलियनमध्ये बसलेला. पाळकीणबाई मला सांगायच्या, ह्यांच्या प्रवचनाचं माप मोसमावर असतं. पावसाळ्यात चाळीस मिनिटं. डिसेंबर लागला की अकरा. मंडळीतले म्हातारे लोक नाताळची वाट का बघतात, ते मला तेव्हा कळलं.

त्यांचा बॉल इतका हळू यायचा, की बॅट्समनला मधल्या वेळात आपल्या आयुष्याचा विचार करता यावा. चाळीस वर्षं एकच टप्पा. बोर्डिंगात असताना एका गोऱ्या पाद्र्याने जमिनीवर रुमाल पसरून शिकवलेला. ह्यांचं म्हणणं, रुमाल कधीच फाटला असेल, पाळकसाहेबांचा बॉल मात्र अजून त्याच्यावरच पडतो.

कॅच सुटला की ते त्या फील्डरजवळ जाऊन खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "माफ केलं. विसरायला जरा वेळ लागेल." शिवी द्यायची पाळी आली तर बायबलातल्या कुठल्याशा दुष्ट राजाचं सहा अक्षरी नाव घ्यायचे. ते उच्चारेपर्यंत राग निघून जाई. पुढे पुढे तुर्भ्याच्या मार्केटातल्या माथाडींच्या टीमनेही ती शिवी उचलली. साताऱ्याकडची ती आडदांड माणसं एकमेकांना त्या राजाच्या नावाने हाका मारायला लागली, तेव्हा मंडळीतल्या एकदोघांना गहिवरून आलं म्हणतात.

टॉसच्या आधी पाळकसाहेब दोन्ही टीमसाठी प्रार्थना करायचे. एकदा ह्यांनी त्यांना बाजूला घेऊन विनंती केली, की आपल्या टीमसाठी किंचित जास्त करा, कुणाला कळणार नाही. पाळकसाहेबांनी ह्यांच्याकडे असं पाहिलं, की ह्यांनी त्या दिवशी टॉस हरल्यावर कपाळावर हात मारला नाही, छातीवर क्रॉस काढला.

पण खरी गोष्ट त्यांच्या अपिलाची. बाकीचे खेळाडू बॉल पॅडला लागो, पोटाला लागो, शेजारच्या बाभळीला लागो, हात वर करून बोंब मारायचे. पाळकसाहेब स्वतःची पुरती खात्री पटल्याशिवाय ब्रही काढत नसत. खोटी साक्ष देणार नाही म्हणायचे. त्यामुळे वर्षातून चारपाच वेळाच त्यांचं अपील व्हायचं. पण ते झालं की अंपायर विचारच करत नसे, बोट सरळ वर. एकदा तर अंपायर चणे खाता खाता दुसरीकडे बघत होता, त्याने नुसता आवाज ओळखून आऊट दिला, आणि बॅट्समनही मुकाट्याने गेला. पाळकसाहेबांनी विचारलंय म्हणजे आपण आऊट असणारच, असं त्याला वाटलं.

खोट्या साक्षीवरूनच आठवला एक कॅच. बोनकोडे गावाच्या टीमविरुद्धची मॅच आम्ही जिंकलो, कप घेतला, आमच्याकडे पोहे झाले. दुसरी बशी अर्ध्यावर असताना पाळकसाहेबांचा घास थांबला. म्हणाले, तो शेवटचा कॅच मी घेतला खरा, पण आता आठवतंय, बॉलला खाली गवत लागलं होतं. ह्यांनी सांगितलं की गवत सगळीकडेच असतं. सासूबाई म्हणाल्या की आधी पोहे संपवा. पण त्यांनी कप उचलला, स्कूटरच्या पुढच्या टोपलीत ठेवला आणि बोनकोड्यात जाऊन हसूच्या दारात उभे राहिले.

हसू म्हणजे बोनकोड्याचा कॅप्टन आणि आमच्या सगळ्या पंचक्रोशीतला एकमेव खरा फास्ट बॉलर. आगरी गडी, तिशीचा, काळाकभिन्न, मिशी अशी की बॉलच्या आधी तीच पोचायची. दारात पाद्री आणि हातात कप बघून त्याला वाटलं, हा कसला तरी सण असेल. सगळं ऐकल्यावर तो इतका हसला, की त्याच्या आईने आतून येऊन विचारलं, काय जालं रं. कप त्याने घेतला नाही. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे ठेवायचा ठरला. आणि त्या दिवसापासून हसू पाळकसाहेबांचा माणूस झाला, बोनकोड्याची मॅच नसेल तेव्हा आमच्याकडूनच खेळायचा. आगरी बोलीतल्या रीतीप्रमाणे त्यांना अरेतुरे करणारा कोपरखैरण्यातला तो एकटाच, आणि फादर म्हणणं सोडून न देणाराही तो एकटाच.

पिच ह्या दोघांनी केलं. मैदान म्हणजे सेक्टरच्या कडेचा एक मोकळा प्लॉट, भोवती गवताचं रान, पलीकडे नाला. दोन हिवाळे हसू आणि पाळकसाहेब गावच्या तळ्यातली चिकणमाती हातगाडीने आणत होते. डांबराच्या पिंपात काँक्रीट भरून त्यांनी रोलर केला होता. पिच उत्तर-दक्षिण आहे का, हे पाळकसाहेबांनी खिशातल्या होकायंत्राने चार वेळा तपासलं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, वहिनी, सूर्य बॅट्समनच्या डोळ्यात येता कामा नये. पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करायची, बॅटिंग नाही.

ते होकायंत्र खरं तर चर्चसाठी घेतलेलं होतं. पण त्यांना चर्चच नव्हतं. नऊ वर्षं त्यांची मंडळी एका मंगल कार्यालयात रविवारचे दोन तास भाड्याने घेऊन उपासना करत होती. वेदी पूर्वेला हवी, तर कार्यालयाचं स्टेज नेमकं पश्चिमेला. त्यात शनिवारच्या लग्नाची थर्माकोलची नावं मागच्या पडद्यावर तशीच लटकलेली असायची. पाळकसाहेबांनी त्यावरही तोड काढली होती. ते दर रविवारी त्या नावांच्या जोडप्यासाठी प्रार्थना करायचे. कुठे ठाणे-बेलापूर पट्ट्यात आपला संसार थाटलेल्या कितीतरी जोडप्यांना पत्ताही नसेल, की आपण कोण कुठल्या चाळीस ख्रिस्ती माणसांच्या तोंडी होतो.

चर्चसाठी प्लॉट मिळावा म्हणून अर्ज, स्मरणपत्रं, खेटे, सगळं चालू होतं. आणि एका नोव्हेंबरात पत्र आलं. प्लॉट मंजूर. पाळकसाहेबांनी ते उपासनेत वाचून दाखवलं. लोक रडले म्हणे. पत्रात नंबर होता, पण नंबरवरून जागा कळते कोणाला? आठवड्याने सर्व्हेवाले खुंट्या ठोकायला आले. पहिली खुंटी आमच्या सीमारेषेवर. दुसरी नाल्याच्या बाजूला. तिसरी जिथे आमचे हे फील्डिंगला उभे राहायचे तिथे, म्हणजे ह्यांना शब्दशः बाजूला सरकावून.

त्या संध्याकाळी पाळकसाहेब आमच्याकडे आले. चहात चौथा चमचा साखर घातली, पाचवा घातला. मग म्हणाले, "वहिनी, देवानं नऊ वर्षांनी माझी प्रार्थना ऐकली. पण पत्ता माझ्याच घरचा लिहिला."

मंडळीला चर्च हवं होतं, आणि मधोमध हवं होतं, चारही बाजूंना बाग, रस्त्यावरून दिसेल असं. मधोमध म्हणजे बरोबर पिचवर. दोन हिवाळ्यांची चिकणमाती पायाच्या खड्ड्यात जाणार होती. भोवती मैदानासारखी मोकळी जागा बक्कळ होती, पण पिच एकच. आणि आम्हाला त्या प्लॉटवर बोलायचा काडीचा हक्क नव्हता. सगळ्यांत जास्त हक्क होता हसूचा, कारण ती मूळ त्यांच्या भाताची जमीन, शहर वसवायला सरकारने घेतलेली. तो तसाच पाळकसाहेबांच्या समोर येऊन उभा राहिला. "फादर, हय आमचे बापाचं भात व्हायचं," तो म्हणाला. "ते गेलं. मंग पिच केला. आता तू देऊल बांध, मी विटा वाहीन. पन पिचला हात नको लावू."

 दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब टेप घेऊन माझ्याकडे आले. एक टोक मी धरलं, एक त्यांनी. भर उन्हात सगळा प्लॉट मोजला. कुठून किती जागा सोडायची ते नियम त्यांनी पाठ केले होते. आणि खरंच जमत होतं. चर्च अगदी पूर्वेच्या कडेला सरकवलं, तर वेदीही पूर्वेला येत होती आणि दाराच्या समोर, डावीकडून उजवीकडे, बावीस यार्ड आणि हसूचं पळणं, सगळं बसत होतं. मी घरी येऊन त्याचं ड्रॉइंग केलं. आयुष्यात इतकं मन लावून मी कारखान्याचंही कधी केलं नाही. खिडक्यांना कमानी काढल्या, झाडं काढली. पिच मात्र काढलं नाही. तिथे नुसतं "मोकळी जागा" लिहिलं. माझीच अक्कल. मला वाटलं, फार हुशारी केली.

चर्चच्या कमिटीची बैठक उपासनेनंतर मंगल कार्यालयातच भरली. ड्रॉइंग समजावायला म्हणून मीही गेले. कमिटीत सातजण होते, पण मत एकच होतं, मेट्रनबाईंचं. मिरजेकडच्या एका दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. सत्तरीच्या. स्टार्च केलेली पांढरी साडी, हातात काठी, आणि डोळे असे की ताप आलेला माणूस नुसता बघून बरा व्हावा. त्यांनी माझं ड्रॉइंग चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. कमानींचं कौतुक केलं. मग बोट बरोबर त्या मोकळ्या जागेवर ठेवलं.

"पाळकसाहेब," त्या म्हणाल्या, "चर्च कडेला का ढकललंय? वेदीसाठी की बॉलिंगसाठी?"

मी मनात म्हटलं, वेदीसाठी म्हणा. ते खोटंही नव्हतं. वेदी पूर्वेला येतच होती. पाळकसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मागच्या पडद्याकडे. तिथे त्या दिवशी संतोष आणि कविता होते.

"बॉलिंगसाठी," ते म्हणाले.

मागे भांडी धुणारी बाईसुद्धा थांबली. मला वाटलं, संपलं. मेट्रनबाईंनी ड्रॉइंगची सुरळी केली आणि म्हणाल्या की मी नऊ वर्षं दुसऱ्यांच्या लग्नाच्या मांडवात गुडघे टेकतेय, मला मरायच्या आधी नीट मधोमध बांधलेलं चर्च बघायचंय. पण पाळकाचं म्हणणं वाऱ्यावर सोडणं बरं नाही. बिशपसाहेब पायाचा दगड ठेवायला येणार आहेत. दोन्ही नकाशे जमिनीवर आखून ठेवा. ते प्रार्थना करून दगड जिथे ठेवतील तिथे वेदी. मग कोणी चकार शब्द काढायचा नाही. पाळकसाहेबांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडलेच. खोटं बोलायला कोणी सांगितलं होतं, नुसतं अर्धं खरं बोलायचं होतं, म्हटलं. ते म्हणाले, वहिनी, अर्धा आऊट असतो का कोणी? मला क्रिकेट कळत नसल्यामुळे मी गप्प बसले.

बिशप डिसेंबरातल्या एका रविवारी आले. आदल्या दिवशी गवंड्याने प्लॉटवर फक्कीने दोन मोठे चौकोन आखले. एक मधोमध, मेट्रनबाईंचा. एक पूर्वेच्या कडेला, पाळकसाहेबांचा. दोन्हींत वेदीच्या जागी फुली. सगळं ठीक होतं. पण त्याच दुपारी माथाडींविरुद्ध आमची मॅच ठरली होती, कदाचित त्या पिचवरची शेवटची, आणि हसूला चौकोनांचं कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याने आदल्या संध्याकाळी पिचवर पाणी मारलं, पहाटे येऊन रोलर फिरवला आणि फक्कीची उरलेली गोणी सापडली म्हणून खूश होऊन दोन्ही टोकांना क्रीझ आखली. दोरी लावून. सरळ, जाड, पांढरीशुभ्र. वाऱ्याने आणि कुत्र्यांनी गवंड्याचे चौकोन रात्रीतून निम्मे पुसले होते. फुल्यांचा तर पत्ताच नव्हता.

मिरवणूक गात गात आली. पुढे बिशप, उंचेपुरे, जांभळा झगा, हातात वाकड्या मुठीची काठी. मागे चौघांनी पेललेला काळा घडीव दगड. मागे मंडळी. कडेला आमची टीम, हात मागे बांधून, आणि माथाडी लवकर आले होते ते, टोप्या काढून. बिशपांना चौकोनांचं समजावून सांगायचं काम मेट्रनबाईंचं होतं, पण त्यांचं गुडघ्याचं दुखणं, त्या मागे पडल्या. बिशपांनी प्लॉटवर नजर टाकली. इकडे पुसट रेघ, तिकडे पुसट रेघ, आणि मधोमध एकच जागा अशी की जिथे कोणीतरी मन लावून, काटकोनात, पांढरीधोप खूण केलेली. ते सरळ चालत जाऊन क्रीझमध्ये उभे राहिले.

आमचे हे माझ्या कानात म्हणाले, लेग स्टंपचा गार्ड घेतलाय.

बिशपांनी डोळे मिटले. प्रार्थना केली. डोळे उघडले, चार पावलं पुढे टाकली, काठी टेकवली आणि म्हणाले, इथे. त्या चौघांनी दगड सोडला. ओल्या चिकणमातीत तो धप्पकन बसला.

हसूने माझ्या शेजारी डोळे झाकून घेतले. पाळकसाहेब बिशपांच्या अगदी बाजूला होते. त्यांनी नुसतं कानात सांगितलं असतं, की साहेब, ही आमची क्रीझ आहे, तर झालं असतं. त्यांचे ओठ हललेलेही मी पाहिले. पण आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलणं त्यांच्या फायद्याचं होतं, आणि नेमकी तिथेच त्यांची जीभ अडकली. आधी दुसऱ्या गीताला सुरुवात झाली. मग वाचन. दगड पिचवर, म्हणजे चर्च पिचवर, म्हणजे मेट्रनबाई जिंकल्या. मंडळीतले लोक त्यांच्याकडे बघून हसायलाही लागले.

मेट्रनबाई लंगडत पुढे आल्या. दगडाकडे पाहिलं. क्रीझकडे पाहिलं. मग वाचन अर्ध्यावर तोडून म्हणाल्या, "बिशपसाहेब, माफ करा. तुम्ही चुकीच्या रेघेवर उभे आहात. ही वेदीची नव्हे. ही क्रिकेटची आहे."

बिशपांनी झगा उचलून खाली पाहिलं. विचारलं, मग वेदीची कुठली? मेट्रनबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या प्लॉटवर धड अशी एकही खूण उरली नव्हती. त्या म्हणतील ती वेदीची. त्यांनी काठी उचलली आणि तशाच लंगडत, गवत तुडवत, पूर्वेच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

पाळकसाहेब धावत त्यांच्यामागे गेले. मीही गेले, कारण मला राहवेना. ते कुजबुजले, "मेट्रनबाई, तुमचा नकाशा मधला. हा माझा."

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही मला खरं सांगितलंत तेव्हा तुमचं नुकसान होतं. चुकून मिळालेलं चर्च मी घेऊ? गप्प राहा आणि दगड उचलायला सांगा."

दगड उचलायला ह्या वेळी आठजण लागले, कारण तो रुतला होता. चार मंडळीचे, दोन माथाडी, एक हसू, आणि आमचे हे, ज्यांनी नुसता हात लावला. बिशपांनी पूर्वेच्या कडेला पुन्हा सगळी प्रार्थना केली. जराही न कंटाळता. नंतर ते पाळकसाहेबांना म्हणाले, की पहिली प्रार्थना परत घ्यायची पद्धत आमच्यात नाही, तेव्हा ती जागाही आशीर्वादित समजा, खेळताना जरा जपून बोला.

दुपारी मॅच झाली. हसू आनंदाने इतका लांबून पळत आला, की पहिल्या बॉलला तो नाल्याच्या पलीकडून निघालाय असं अंपायरचं म्हणणं. पण खरी मजा पाळकसाहेब बॉलिंगला आल्यावर झाली. जिथे दगड दहा मिनिटं टेकला होता तिथे बशीएवढा खड्डा पडला होता. हसूने माती भरून बघितली, राहिली नाही. आणि तो खड्डा होता बरोबर पाळकसाहेबांच्या टप्प्यावर. त्या गोऱ्या पाद्र्याच्या रुमालावर म्हणा ना.

पाळकसाहेबांनी पहिला बॉल टाकायच्या आधी बॅट्समनजवळ जाऊन त्याला खड्डा दाखवला. इथे पडला तर काय होईल सांगता येत नाही, सांभाळा, म्हणाले. झालं, तो बिचारा बॉल बघायचं सोडून खड्डाच बघत बसला. बॉल पडला, जमिनीसरपट गेला, दांडी गुल. दुसऱ्यालाही त्यांनी तसंच नेऊन दाखवलं. त्याचा बॉल उसळून हनुवटीखालून गेला आणि घाबरून मागे सरताना त्याने स्वतःच स्टंप पाडले. तिसरा माथाडींचा मुकादम, दोन पोती एकदम उचलणारा गडी. तो खड्डा बघून म्हणाला, "साहेब, दाखवू नगा ओ, टाका नुसतं, आमचं धाडस जातंय." त्याचंही तेच झालं. पाळकसाहेब टप्पा बदलायची शिकस्त करत होते. पुढे टाकायला बघायचे, मागे टाकायला बघायचे, घामाने डबडबले. पण चाळीस वर्षांची सवय, हात ऐकेना. चौथा गेला तेव्हा आमच्या लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि ते वरून सारखे ओरडत होते, खाली उतरवा.

आम्ही जिंकलो. मी वही पुरी करत होते. नावाखाली नाव, आकड्याखाली आकडा. पाळकसाहेब बाभळीवरचा झगा काढून माझ्या खुर्चीजवळ येऊन उभे राहिले. कॅनव्हासच्या बुटाने माती उकरत होते. त्यांचा चेहरा बघून मी म्हटलं, आता कोणाकडे कप पोचवायचाय?

"कप नाही," ते म्हणाले. "त्या चार विकेट माझ्या नावावर लिहू नका. त्या मी काढलेल्या नाहीत."

मी विचारलं, मग कोणाच्या नावावर लिहू? विकेट पडल्यात, कोणाच्या तरी नावावर लागतातच, एवढं क्रिकेट मलाही कळतं. त्यांनी पूर्वेच्या कडेला पाहिलं. तिथे त्या काळ्या दगडाशेजारी मेट्रनबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि मुकादमाला काही औषध सांगत होत्या. त्यांनी क्रीझकडे पाहिलं. मग माझ्या वहीकडे.

"बिशपसाहेबांच्या," ते म्हणाले.

आमचे हे शपथेवर सांगतात की हे नियमात बसत नाही. नसेल बसत. मी ट्रेसर बाई, समोरचा सांगेल तशी रेघ ओढणारी. मी पाळकसाहेबांच्या नावासमोर शून्य काढलं, त्याच्या खाली एक नवीन ओळ आखली आणि माझ्या सगळ्यांत सुंदर अक्षरात लिहिलं: बिशप. षटकं शून्य, धावा शून्य, बळी चार. आमच्या टीमच्या इतिहासातली ती सगळ्यांत चांगली बॉलिंग आहे, आणि ती अजून कोणालाही मोडता आलेली नाही.